पहिल्या पिढीचा विद्यार्थी : प्रवेशापासून पदवीपर्यंत

उच्च शिक्षणाच्या विस्ताराचे मोजमाप करताना प्रवेशाचा आकडा प्रथम पाहिला जातो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात देशातील उच्च शिक्षण संस्थांमध्ये सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांची नोंदणी झाली होती. १८ ते २३ वयोगटातील लोकसंख्येशी तुलना करता सकल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के, अनुसूचित जातींमध्ये २५.९ टक्के, तर अनुसूचित जमातींमध्ये २१.२ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर ज्या घरांतून आजवर कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घरांतील मुलेमुली फार मोठ्या संख्येने विद्यापीठांत यावी लागतील, हे उघड आहे. त्यांना प्रवेश देणे एक आणि पदवीपर्यंत टिकवणे दुसरे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा, मुख्यतः महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधारे, विचार केला आहे.

संकल्पना आणि तिची नोंद

ज्याच्या आई-वडिलांपैकी कोणीही पदवीधर नाही, असा महाविद्यालयीन विद्यार्थी म्हणजे पहिल्या पिढीचा विद्यार्थी, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. अमेरिकेत उच्च शिक्षण कायद्यातील १९८० च्या दुरुस्तीने अशी व्याख्या कायद्यात आणली आणि तेथील ‘ट्रायो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साहाय्य कार्यक्रमांसाठी तो पात्रतेचा एक निकष ठरला. भारतात या दिशेने सर्वांत स्पष्ट पाऊल तमिळनाडूने टाकले. तेथे २०१०-११ पासून, एक खिडकी समुपदेशनाद्वारे व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, कुटुंबातील पहिल्या पदवीधर ठरू शकणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्कात सवलत मिळते. त्यासाठी महसूल खाते ‘प्रथम पदवीधर’ असल्याचा दाखला देते. ही सवलत जात वा उत्पन्न यांवर अवलंबून नाही आणि ती एका कुटुंबातील एकाच विद्यार्थ्याला मिळते.

अन्यत्र मात्र आपल्या धोरणाचा पाया वेगळा आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ४६ दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकतो. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद १५(४) आणि ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद १५(५) हे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि अनुसूचित जाती-जमाती यांच्यासाठी विशेष तरतुदींना आधार देतात. येथे एकक आहे तो समाजगट. मंडल आयोगाने मागासलेपण ठरवण्यासाठी वापरलेल्या ११ निर्देशकांपैकी ३ शैक्षणिक होते आणि त्यांत शाळेत कधीच न गेलेली मुले, शाळा सोडणारी मुले व मॅट्रिक झालेल्यांचे प्रमाण यांचा समावेश होता. परंतु ही मोजणीसुद्धा जातसमूहाची होती. तिचे ऐतिहासिक कारण सबळ आहे, कारण शिक्षण नाकारले गेले तेच मुळी समूहांना. तथापि एकाच प्रवर्गात प्राध्यापकाचा मुलगा आणि ऊसतोड कामगाराची मुलगी शेजारी बसतात, तेव्हा दोघांच्या गरजा एकसारख्या नसतात, हेही खरे. उच्च शिक्षण सर्वेक्षणात विद्यार्थ्यांची लिंग, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांगत्व अशी वर्गवारी मिळते. पालकांच्या शिक्षणाची मिळत नाही. परिणामी पहिल्या पिढीचे किती विद्यार्थी आले आणि त्यांतील किती मध्येच गळाले, हे सांगणारा अधिकृत आकडा हाती नसतो.

अडचण शुल्काच्या पलीकडची

अशा विद्यार्थ्याची अडचण म्हणजे शुल्क, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शुल्काचा भार खरा आहे, पण तो सर्वांत मोठा असतोच असे नाही. जत किंवा आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सांगलीला, कोल्हापूरला किंवा पुण्याला आलेल्या मुलापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो रात्री पाठ टेकण्याचा आणि दोन वेळच्या जेवणाचा. शहरात नातेवाईक असलेच तर ते एका खोलीत राहणारे असतात. मग ‘कॉट बेसिस’वर एक खाट, खाणावळीचा किंवा घरून एसटीने येणारा डबा, आणि महिन्याच्या पंधरा तारखेनंतर एकच वेळचे जेवण, असा क्रम सुरू होतो.

दुसरी अडचण माहितीची असते आणि ती बाहेरून सहसा दिसत नाही. जातीचा दाखला, जात पडताळणीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते यांपैकी कोणते कागद कोणत्या कार्यालयात आणि किती आधी मागावेत, हे पदवीधराच्या घरात कोणी न विचारताही ठाऊक असते. पहिल्या पिढीच्या घरात ते अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर कळते. हीच गोष्ट महाविद्यालयातील शब्दांची. श्रेयांक, सत्र, एटीकेटी, अंतर्गत गुण, ७५ टक्के हजेरी, पुनर्मूल्यांकन या प्रत्येक शब्दामागे एक नियम असतो आणि तो नियम न कळल्याची किंमत एका वर्षाने मोजावी लागते. एका विषयात अनुत्तीर्ण होणे म्हणजे सारे संपले, असे समजून गावी परतलेला विद्यार्थी आणि ‘एटीकेटी आहे, पुढच्या सत्रात सुटेल’ असे घरातूनच ऐकलेला विद्यार्थी यांच्या बुद्धिमत्तेत फरक नसतो.

तिसरी बाब भाषेची. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा वैद्यक शाखेत एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तकांना तोंड द्यावे लागते. वर्गात शंका विचारण्याचे तो टाळतो आणि शिक्षक त्याचा अर्थ ‘रस नाही’ असा काढतात.

मुलींच्या बाबतीत या साऱ्यात सुरक्षिततेची आणि लग्नाच्या घाईची भर पडते. येथे सवलतींमधील एक विचित्र खिंडार नोंदवण्यासारखे आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण विद्यार्थिनींना शाळेसाठी मोफत प्रवास मिळतो, पण तो बारावीपर्यंतच. त्यापुढे सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयात जाण्याची वेळ येते, नेमका तेव्हाच प्रवासाचा खर्च घरावर पडू लागतो.

वारापासून वसतिगृहापर्यंत

विद्यार्थ्याला शिकवण्यापूर्वी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय करावी लागते, ही जाण महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्यात शिकायला येणारी गरीब ब्राह्मण मुले माधुकरी मागत किंवा ‘वार लावून’ जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आठवड्याची व्यवस्था असे. वार देणारे घर केवळ जेवण घालत नसे. कोणत्या शाळेत जावे, कोणत्या मास्तरांना भेटावे, हेही तेथेच कळे. अर्थात ही व्यवस्था जातीच्या मर्यादेत चालणारी होती. खेड्यातील कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या मुलासाठी शहरात असा वार लावणारे घर नव्हते.

छत्रपती शाहू महाराजांनी नेमके हे ओळखले. कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा अनेक समाजांची वसतिगृहे संस्थानच्या जागा व अनुदानाच्या आधारे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध आदेश २६ जुलै १९०२ चा. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी ही तारीख पाठ करतात, मात्र तिच्या आधीच्या वर्षी वसतिगृह सुरू झाले होते, या क्रमाकडे सहसा लक्ष जात नाही. राखीव जागा भरायला शिकलेली माणसे लागतात आणि खेड्यातला मुलगा शिकायचा तर कोल्हापुरात त्याला छप्पर लागते, असा हा क्रम होता. जातवार वसतिगृहांवर तेव्हा आणि नंतरही टीका झाली. ती टीका निराधार नव्हती. परंतु स्वजातीयांकडून देणग्या मिळवून संस्था झपाट्याने उभ्या करण्याचा तो त्या काळातील व्यवहार्य मार्ग होता.

पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटील यांनी टाकले. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव स्वतः कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकले होते. कराड तालुक्यातील काले येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. एकाच पंक्तीत जेवणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. वसतिगृह चालवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. गावोगावच्या स्त्रियांनी दळताना बाजूला काढलेल्या मूठभर धान्यातून ‘मुष्टिफंड’ उभा राहिला. मुले शेतात राबत, इमारतींसाठी दगड वाहत, स्वयंपाकाला हात लावत. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचे ब्रीद असे प्रत्यक्षात आले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि श्रम करून शिकण्याची ही पद्धत शाळेतून महाविद्यालयात आली. हे महाविद्यालय आज २०२१ मध्ये स्थापन झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा एक घटक आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शैक्षणिक कार्याची सुरुवातही वसतिगृहाने झाली, हे लक्षणीय आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयात (१९४६) नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले जात. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठही नव्हते. ते १९५८ मध्ये आले. त्याआधी आठ वर्षे, १९५० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. नागसेनवनाच्या परिसरात महाविद्यालय आणि वसतिगृहे शेजारी शेजारी होती. भूमिहीन मजुरांच्या घरांतून आलेल्या मुलांना वर्ग, ग्रंथालय, मेस आणि चर्चा करायला सोबती एकाच आवारात मिळाले. मराठीतील दलित साहित्याच्या चळवळीची एक मोठी धारा याच परिसरातून पुढे आली, त्यामागे ही एकत्र राहण्याची सोय होती.

विद्यापीठातील ‘कमवा व शिका’

भाऊरावांची कल्पना पुढे विद्यापीठांनी उचलली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने कमवा व शिका योजना चालते आणि ती संलग्न महाविद्यालयांतही राबवली जाते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही अशी योजना आहे. विद्यार्थी दिवसाचे दोन-तीन तास ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा उद्यान विभागात काम करतो आणि तासाच्या दराने मानधन मिळवतो. त्यातून त्याची खाणावळ सुटते, आणि घरी पैसे मागावे लागत नाहीत, हे समाधान वेगळेच.

या योजनेच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्वच मुले श्रम करीत. श्रम हा तेथील जीवनाचा नियम होता. विद्यापीठात मात्र सधन विद्यार्थी ग्रंथालयात बसलेले असताना गरीब विद्यार्थी त्याच ग्रंथालयातील पुस्तके रचतो. त्यामुळे कामाचे स्वरूप महत्त्वाचे ठरते. ग्रंथालयात, संगणक कक्षात किंवा प्रयोगशाळेत काम करणारा विद्यार्थी संस्थेचे अंतरंग शिकतो आणि प्राध्यापक त्याला नावाने ओळखू लागतात. निव्वळ गवत काढणाऱ्याला मानधनापलीकडे फारसे काही मिळत नाही. मानधन महिन्याच्या महिन्याला न मिळता उशिरा मिळाले, तर खाणावळीसाठी योजलेल्या या योजनेचा हेतूच बाजूला पडतो.

पुण्यातच विद्यापीठाबाहेरचा एक प्रयोग दीर्घकाळ चालू आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी अल्प खर्चात वसतिगृहे चालवते. तेथे श्रमाची सवय आणि सामूहिक जबाबदारी यांना महत्त्व आहे, आणि तेथून शिकून बाहेर पडलेले माजी विद्यार्थी पुढे समितीच्या कामात भाग घेतात. नव्या मुलाला अर्ज कसा भरावा, कोणता अभ्यासक्रम निवडावा, हे सांगणारा माणूस त्याच्यासारख्याच घरातून दहा वर्षांपूर्वी आलेला असतो. पदवीधराच्या घरात जे वडीलधारे सांगतात, ते येथे संस्था सांगते.

खात्यातील रक्कम आणि वसतिगृहातील खाट

स्वातंत्र्योत्तर काळात साहाय्याचा मुख्य भार शासनाने उचलला. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची डिसेंबर २०२० मध्ये पुनर्रचना झाली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर करण्यात आला आणि त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के ठेवण्यात आला. अभ्यासक्रमाच्या गटानुसार वार्षिक शैक्षणिक भत्ता २,५०० ते १३,५०० रुपये असा ठरला. राज्याने आपला ४० टक्के हिस्सा दिल्यानंतर केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. प्रवेशाच्या वेळी रोख शुल्क भरावे लागू नये म्हणून ‘फ्रीशिप कार्ड’ची तरतूदही मार्गदर्शक सूचनांत आहे.

महाराष्ट्रात शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, अशी ही मालिका आहे. शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी या संगणकीय प्रणालीवर भरावे लागतात.

स्वाधार योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी वार्षिक ६०,००० रुपये ठरले : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले, तर भोजनाला दरमहा ३,२०० म्हणजे दिवसाला सुमारे १०७ रुपये आणि निवासाला दरमहा २,००० रुपये पडतात. सदाशिव-नारायण पेठेत राहून अभ्यास केलेल्या वाचकांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

रक्कम कमी की पुरेशी, याहून महत्त्वाचा प्रश्न ती केव्हा मिळते हा आहे. जेवण रोज लागते, खोलीचे भाडे महिन्याला द्यावे लागते. शिष्यवृत्तीचा हप्ता मात्र अर्ज, पडताळणी, मंजुरी आणि निधी-उपलब्धता या टप्प्यांतून येतो. तो वर्ष संपताना किंवा त्यानंतर आला, तर मधल्या काळात विद्यार्थी उसनवारी करतो, रात्रपाळीचे काम धरतो किंवा गावी जातो. शुल्क थकल्यामुळे कागदपत्रे अडवली गेल्याच्या तक्रारीही याच विलंबातून उद्भवतात. पदवीधर पालकाच्या घरात हा विलंब बचतीतून निभावला जातो. मजुराच्या घरात असा साठा नसतो, त्यामुळे तेवढीच रक्कम तेवढ्याच उशिरा मिळूनही दोघांवरील परिणाम वेगळा होतो.

थेट लाभ हस्तांतरणाने मध्यस्थांची गळती कमी होते आणि पैशाचा हिशेब राहतो. परंतु वसतिगृहाऐवजी रोख रक्कम देताना एक गोष्ट हातातून निसटते. चांगल्या वसतिगृहात रेक्टर असतो, वरच्या वर्गातली मुले असतात, परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्या मुलाला यांतले काही मिळत नाही. म्हणून निर्वाह भत्ता ही वसतिगृहातील जागेची पूरक सोय मानावी, पर्याय मानू नये. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी घेतला. त्याचा खरा लाभ किती मुलींना होईल, हे जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींच्या वसतिगृहांत किती खाटा आहेत यावरही ठरणार आहे.

जाणत्या माणसाची जागा

अमेरिकेतील ‘ट्रायो’ समूहात १९६८ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र कार्यक्रम आहे. त्यात शिकवणी, विषयनिवडीचा सल्ला आणि आर्थिक साहाय्याचे अर्ज भरण्यास मदत या गोष्टी एकाच कार्यालयात मिळतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनांतून उपचारात्मक अध्यापनाचे वर्ग चालले आणि २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ हा नवागत विद्यार्थ्यांच्या परिचयाचा कार्यक्रम आखला गेला. बहुतेक महाविद्यालयांत पालक-शिक्षक किंवा ‘मेंटॉर’ नेमण्याची पद्धतही आहे. पण एका शिक्षकाकडे मोठी यादी सोपवली की ती भेट सत्रातून एकदा स्वाक्षरी घेण्यापुरती उरते. पहिल्या सत्रातील निकाल लागल्यानंतरचे पंधरा दिवस आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाचे शेवटचे पंधरा दिवस, हे गळतीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. त्या दिवसांत माजी विद्यार्थी आणि वरच्या वर्गातील, स्वतः पहिल्या पिढीचे असलेले विद्यार्थी मानधनावर मदत केंद्रात बसवणे ‘कमवा व शिका’ योजनेच्या चौकटीत सहज शक्य आहे. असे काम गवत काढण्यापेक्षा निश्चितच अधिक उपयोगाचे ठरेल.

मात्र कोणाला ही मदत हवी, हे आधी कळले पाहिजे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत सर्वांत गरीब कुटुंबे निश्चित करताना, आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही निरक्षर असणे, हा एक निकष धरला आहे. केंद्रीय योजनेत पालकांच्या शिक्षणाला असे स्थान मिळणे ही महत्त्वाची घटना आहे. या निकषाचा वापर दहावी उत्तीर्ण मुलांना शोधून शिष्यवृत्तीत आणण्यासाठी आहे. तीच माहिती पुढे अकरावीच्या आणि पदवीच्या प्रवेश अर्जातून महाविद्यालयाकडे गेली, तर प्राचार्यांना पहिल्याच आठवड्यात अशा विद्यार्थ्यांची यादी मिळू शकेल. त्यासाठी अर्जात आई आणि वडील यांच्या शिक्षणाचे दोन रकाने वाढवावे लागतील. त्याला वेगळा निधी लागत नाही.